सारख्या नसलेल्या पायांचं दुकान आणि मी

मित्रांनो, मी एका जोडे शिवणाऱ्याच्या दुकानाची वेबसाइट. वय वर्षं सतरा. माणसांमध्ये हे वय कोवळं समजतात, पण आमच्यात सतरा वर्षांची वेबसाइट म्हणजे पिकलं पान. माझे फोटो लहान आहेत, आणि मला फोनवर उघडलं की माझी उजवी कड पडद्याबाहेर राहते. तरी थोडा वेळ थांबा आणि माझं ऐकून घ्या.

माझा जन्म एका सुनेच्या हट्टातून झाला. तिचे सासरे जोडे शिवायचे, पण सगळ्यांसाठी नाही. ज्याचा एक पाय आखूड, ज्याचं बोट वाकडं, ज्याचं एक पाऊल दुसऱ्यापेक्षा मोठं, अशी माणसं त्यांच्याकडे यायची. दुकान गल्लीच्या अगदी आतल्या टोकाला होतं. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी बस थांबायची आणि उतरणाऱ्यांची नजर पाटीवर पडायची. मग थांबा पुढच्या चौकात गेला, आणि वर्षभरात दुकानात माशा मारायची वेळ आली. सुनेचा नवरा शिलाई मशीनवर बसायचा. काम नाही म्हणून तो मशीनला दिवसातून दोनदा तेल देऊ लागला.

सून लग्नाआधी छापखान्यात मजकूर टाइप करायची. वाचनालयात शनिवारी दुपारी वेबसाइट बनवायला शिकवतात हे कळल्यावर तिनं तिथं नाव घातलं.

सासरे म्हणाले, "सूनबाई, पाय मोजायला माणूस समोर लागतो. तो काचेत कसा येणार?"

"काचेत नाही यायचा, बाबा. काचेतून बघून दुकानात येईल."

आठ शनिवारांनी मी तयार झाले. तीन पानं, वर दुकानाचं नाव, खाली पत्ता. मधे तिनं लिहिलं, 'उत्कृष्ट दर्जा, तत्पर सेवा.' मला ते शब्द नव्या कपड्यांसारखे वाटले. पहिल्या महिन्यात मला अकरा वेळा उघडलं गेलं. त्यातल्या सात वेळा तीच होती, तीन वेळा तिचा नवरा होता, आणि अकराव्या वेळी कुणीतरी चुकून आलं असावं, कारण ते लगेच निघून गेलं.

मग एक जाहिरातवाला भेटला. "आठवड्यात हिला शोधात सगळ्यांच्या वर आणतो," असं तो म्हणाला. त्यानं कुठूनतरी चकचकीत बुटांचे फोटो आणून माझ्यावर लावले. माझ्या तळाशी 'बूट' हा शब्द दोनशे वेळा लिहिला, तोही पांढऱ्यावर पांढरा, म्हणजे माणसांना दिसू नये आणि शोधणाऱ्या यंत्राला मात्र दिसावा. लोक खरंच येऊ लागले. माझी मान ताठ झाली.

एका सकाळी एक गृहस्थ दुकानात आले आणि फोटोतला तपकिरी बूट मागू लागले. सासऱ्यांनी चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं.

"हा मी केलेला नाही," ते म्हणाले.

"मग दाखवता कशाला?" असं विचारून गृहस्थ निघून गेले.

सासरे चिडले नाहीत. हातातली चामडं टोचायची आरी खाली ठेवून ते सुनेला एवढंच म्हणाले, "दुकान रिकामं राहिलं तरी चालेल. माझ्या नावावर दुसऱ्याचं काम नको."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याच दुपारी माझ्यावरचं सगळं पुसून टाकलं. मित्रांनो, मी तेव्हा अगदी कोरी झाले होते, आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं स्टूल ओढलं आणि सासऱ्यांसमोर बसली. "बाबा, तुम्ही काम करता करता बोला. मी नुसतं टाइप करते."

"काय बोलू?"

"पाय कसा मोजता ते सांगा."

"माणसाला उभं करून मोजायचा. बसलेला पाय खोटं बोलतो. अंगाचा भार पडला की मगच तो खरा किती पसरतो ते कळतं. आणि मोजायचा संध्याकाळी, दिवसभर चालून झाल्यावर."

ते बोलत गेले आणि ती जसंच्या तसं लिहीत गेली. पानाचं नाव तिनं ठेवलं, 'तुमचे दोन पाय सारखे नसतील तर.' खिडकीखाली पांढरी चादर अंथरून तिनं सासऱ्यांनी केलेल्या जोड्यांचे फोटो काढले. एक टाच उंच, एक बसकी, असे ते जोडे. मग तिनं नकाशावर दुकानाची जागा नीट दाखवली, उघडायच्या वेळा आणि फोन नंबर लिहिला. हाडांच्या डॉक्टरांकडे आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे ती स्वतः जाऊन माझा पत्ता छापलेली कार्डं ठेवून आली. जुन्या गिऱ्हाइकांना म्हणाली, "तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा. तक्रार असेल तर तीही लिहा." एकानं लिहिलं, 'जोडे उत्तम, पण म्हातारा वेळेवर देत नाही.' तिनं तेही ठेवलं. ते वाचून सासरे गालातल्या गालात हसले.

सात आठवड्यांनी पहिला निरोप आला. एका शिक्षिकेनं लिहिलं होतं, 'माझा उजवा पाय दोन बोटं आखूड आहे. असं कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचलं.' ती आली, उभी राहिली, सासऱ्यांनी मोजलं. जोडे नेल्यानंतर तिनं पुन्हा लिहिलं, 'आज फळ्यावर लिहिताना टेबलाला धरावं लागलं नाही. मुलांनी विचारलं, बाई, तुम्ही उंच झालात का?'

सून ते मोठ्यानं वाचून दाखवत होती. सासरे खाली मान घालून चामड्यावर बोट फिरवत राहिले.

ती माझी भरभराटीची वर्षं. दूरदूरच्या गावांहून निरोप यायचे आणि सून त्याच दिवशी उत्तर द्यायची. सासरे रोज दुकान उघडताना विचारायचे, "आज काय म्हणतेय ती?" ती म्हणजे मी. घरातल्या माणसाबद्दल विचारावं तसं विचारायचे.

पण दिवस सारखे राहत नाहीत. गिऱ्हाइकं तोंडोतोंडी येऊ लागली, माझी गरज कमी झाली. सुनेला मुलगी झाली, घरचा फोन नंबर बदलला. मग सासऱ्यांचा हात थरथरू लागला. दुकान आठवड्यातून तीनच दिवस उघडायला लागलं. हे कुणी मला सांगितलं नाही. मी आपली नेटानं सांगत राहिले, 'रोज सकाळी नऊ ते संध्याकाळी सात.'

एके दिवशी सून मला कायमची बंद करायला बसली. "हल्ली कोण बघतंय वेबसाइट," असं नवऱ्याला म्हणत तिनं निरोपांचा कप्पा उघडला. त्यात तीन आठवड्यांपूर्वीचा एक निरोप न वाचलेला पडून होता.

'आम्ही दोघं तीन बस बदलून आलो. फोन लागला नाही, पण वेळ तुम्हीच लिहिली होती. दुकान बंद होतं. माझी बायको दोन तास पायरीवर बसली. तिला धड उभं राहता येत नाही, म्हणूनच तर आलो होतो.'

खाली नाव आणि पत्ता होता.  सुनेनं उठून तो निरोप सासऱ्यांना वाचून दाखवला.

"पत्ता आहे ना?" ते म्हणाले. "मग चल."

तिथं काय झालं ते सुनेनं नंतर माझ्यावरच लिहून ठेवलं आहे. दार निरोप लिहिणाऱ्या आजोबांनीच उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. सासऱ्यांनी उंबऱ्याबाहेर हात जोडले. "चूक आमची आहे. मोजू द्याल का?" आतून आजीबाई म्हणाल्या, "अहो, म्हाताऱ्या माणसाला दारात काय उभं करता?"

आजीबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. कागदावर पावलाची रेघ ओढताना सासऱ्यांचा हात हलू लागला. त्यांनी पेन्सिल सुनेपुढे केली.

"तू रेघ ओढ. पाय मी धरतो."

तो जोडा तिघांनी मिळून केला. माप सासऱ्यांच्या नजरेचं, कापणं सुनेचं, शिवण तिच्या नवऱ्याची. महिन्याभरानं ते जोडे घालून आजीबाई त्यांना पोचवायला जिन्यापर्यंत चालत आल्या. काठी घरातच राहिली होती, आणि हे आधी आजोबांच्या लक्षात आलं.

सुनेनं मला बंद केलं नाही. माप घेऊन परत आल्या आल्याच तिनं लिहिलं होतं, 'दुकान आठवड्यातून तीन दिवस, फक्त संध्याकाळी. बाबांचा हात थरथरतो, म्हणून आता कापायचं काम मी करते. जोडे मिळायला दोन महिने लागतील. निघण्याआधी फोन करा.' आणि खाली नवा नंबर.

सासऱ्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. तेही तिनं लिहिलं, एकाच ओळीत. त्यांचं बोलणं मात्र होतं तसंच ठेवलं आहे, आणि मापं आता तीच घेते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे दुकान काढेल, कुणी माझ्यासारखी वेबसाइट बनवेल. तिला सजवा, चार लोकांना तिच्याबद्दल सांगा, त्यात लाज नाही. पण बनवून झाली की तिला एकटी सोडू नका. अधूनमधून तिच्याजवळ बसा आणि तिच्यावरची प्रत्येक ओळ अजून खरी आहे का, ते पाहा. कुठेतरी कुणीतरी त्या एका ओळीवर विसंबून, दुखऱ्या पायात जोडा चढवून घराबाहेर पडत असतं.

आज दुकान बंद आहे, आणि माझ्यावर तसं लिहिलेलं आहे.