टेबलाचे पाय

मास्तरीणबाईंचं सगळं अंग दुखायचं, आणि रिपोर्टात त्यांना काहीही झालेलं नव्हतं.

यातलं दुसरं जास्त छळायचं. रक्त काढून झालं, हाडांचे फोटो काढून झाले, त्या बोगद्यासारख्या यंत्रात आडवं घालून झालं. प्रत्येक डॉक्टर फाइल चाळायचा आणि मोठी खुशखबर दिल्यासारखा म्हणायचा, "सगळं नॉर्मल आहे हो, आजी!" म्हणे नॉर्मल! सकाळी नळाची तोटी फिरत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही, जिना उतरताना गुडघे बोंब मारतात, आणि हे नॉर्मल! बरं, दुखणं एका जागी बसेल तर शपथ. आज उजवं मनगट, उद्या डावा खांदा, परवा दोन्ही पोटऱ्या. भाडं न देणारा भाडेकरू घरभर हिंडावा आणि प्रत्येक खोलीत पसारा करून ठेवावा, तसं चाललेलं.

शेवटच्या डॉक्टरनं तर कमाल केली. "मन रमवा, एखादा छंद लावून घ्या," म्हणाला. बाई तिथेच कडाडल्या. "मन अगदी ठणठणीत आहे माझं. खांद्याचं काय ते बोला." मुलगा शेजारी बसला होता. तो लाजेनं अर्धा झाला.

मास्तरीण हे काही त्यांचं नाव नव्हे. नवरा कपडे शिवायचा, कापायचाही तोच, म्हणून तो मास्तर आणि या मास्तरीण. शिंपीकामात कापतो तो मास्तर, बाकीचे नुसते शिवणारे. मास्तर गेले, तेव्हा सगळ्यांना वाटलं दुकान बसलं. बाईंनी डोळे पुसले आणि मोठी कात्री उचलली. तेव्हापासून दुकानातला प्रत्येक कोट, प्रत्येक झगा त्यांच्याच हातून कापला गेला. मुलगा मापं घ्यायचा, गिऱ्हाईक सांभाळायचा. सून मशीनवर बसायची. कात्रीला मात्र दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

आणि आता नेमका त्याच कात्रीचा प्रश्न आला होता.

"आई," शनिवारी जेवताना मुलगा पानात बघत म्हणाला, "सोमवारपासून एक कटर येतोय. तू आता पुढे गल्ल्यावर बस. आरामात."

"का?"

"का म्हणजे? बरं नसतं ना तुला."

बाईंनी हातातला घास खाली ठेवला. "अस्सं! दुखतंय म्हटलं की म्हणता, काही झालेलं नाही. काम करते म्हटलं की म्हणता, तुला बरं नसतं. माय-लेकरांत एवढी चलाखी नको रे बाबा. मी आजारी आहे की नाही, एक काय ते ठरव. धडधाकट असेन तर कापू दे. आजारी असेन तर एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेव."

सुनेनं हळूच पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि मान खाली घालून हसू दाबलं.

रात्रभर बाईंनी विचार केला. हात अजून चालत होते. हळू चालायचे, मध्येच रुसायचे, पण चालायचे. खरा छळ होता तो कापायच्या टेबलाचा. मास्तर होते ताडमाड, त्यांनी टेबल करून घेतलं स्वतःच्या मापाचं. बाईंची उंची त्यांच्या छातीपर्यंत. म्हणून त्या लाकडी खोक्यावर उभ्या राहून कापायच्या. एका कोटासाठी त्या खोक्यावरून किती वेळा उतरायचं आणि किती वेळा चढायचं! स्टुलावर बसून बघितलं, तर टेबल हनुवटीला लागलं.

रविवारी दुकान बंद असायचं. बाईंनी सकाळीच शेजारच्या सुतारमामांना बोलावणं धाडलं, आणि दुकानात जाऊन, स्टुलावर बसून, कोपर दुमडून, फुटपट्टी-टेप घेऊन मापं काढली. मग जमिनीवर बूड टेकून, कण्हत-कुथत, टेबलाच्या चारही पायांवर खडूनं रेघा मारल्या.

मुलगा आला, मागोमाग सून, आणि तो दारातच थबकला. "आई! बाबांच्या टेबलाला करवत लावणार?"

"टेबलाचे पाय आहेत ते. तुझ्या बाबांचे नव्हेत."

"अगं, पण बाबांची आठवण..."

"आठवण मला नाही का? त्या माणसाशी संसार मी केला, टेबलानं नाही. तो असता ना, तर पहिल्याच दिवशी करवत घेऊन आला असता. तू त्या टेबलाची पूजा करतोस आणि मला उचलून गल्ल्यावर ठेवतोस. धर तिकडनं, उलटं करू या."

तेवढ्यात सुतारमामा आले. त्यांना फार बोलायची सवय नव्हती. रेघ दिसली की कापायची. टेबल उलटं झालं, चार पाय झटक्यात कापले, परत सरळ केलं. बाई ऐटीत स्टुलावर बसल्या, कात्री हातात घेतली, आणि त्यांचा चेहरा पडला.

टेबल अजून उंच होतं. दोन बोटं. कोपर अधांतरी, खांदा वर चढलेला, आणि मानेपासून करंगळीपर्यंत सणसणीत कळ.

बाईंनी टेप लावला. पुन्हा लावला. आणि मग कपाळावर हात मारला. "अगं बाई गं! माया सोडली की मी!"

"काय सोडलं?" सुतारमामा म्हणाले.

"माया हो! शिवणीत दाबायला जास्तीचं कापड सोडतो ना आम्ही, ते! उभा जन्म मापाला दोन बोटं जोडत आले, लाकडालाही जोडली. आता हे काय आत दुमडून शिवू?"

सुतारमामा पोट धरून हसले. सून मशीनवर डोकं टेकून हसली. मुलगा हसला नाही. टेबल त्यानं मामांच्या मदतीनं पुन्हा उलटं केलं खरं, पण तेवढ्यात मामांचा फोन वाजला. कुणाचं तरी दार बिजागरीतून निखळलं होतं. करवत तिथेच ठेवून "आलोच" म्हणत मामा पळाले.

"बघ आई," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "मापातसुद्धा चूक व्हायला लागली. राहू दे ना आता. किती हट्ट करशील?"

बाईंना ते लागलं. दुखण्यापेक्षा जास्त लागलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच त्यांना राग आला.

"चूक झाली," त्या म्हणाल्या. "माझी झाली. मीच निस्तरणार."

त्या उलट्या टेबलाशी जमिनीवर बसल्या आणि करवत उचलली. बोटं मुठीत मिटेनात, तर डाव्या हातानं उजवी मूठ आवळली. नवी रेघ मारली, या वेळी दोन बोटं न जोडता, आणि ओढली करवत. पहिल्या फटक्यात खांदा पेटला. दुसऱ्यात मनगट. बाईंनी दातओठ खाल्ले, दुखण्याला एक सणसणीत शिवी हासडली, आणि तिसरा फटका मारला. टेबल हलायला लागलं, करवत रेघ सोडून सरकायला लागली. थांबल्या, श्वास घेतला, परत ओढली. लाकडाचा भुसा त्यांच्या मांडीवर पडत होता.

मुलगा बघत उभा होता. त्यानं आईचे सगळे रिपोर्ट वाचले होते. आई कळ कशी सोसते, ते मात्र इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. करवत ओढताना तिची हनुवटी थरथरत होती.

तो पुढे आला आणि तिच्याजवळ उकिडवा बसला. करवत हिसकावून घ्यायला हात उचलला, आणि तिच्या नजरेला नजर भिडताच खाली घेतला.

"आई," त्यानं विचारलं, "फार दुखतं का गं?"

इतक्या दिवसांत, फाइल न उघडता, पहिल्यांदा.

"दुखतं," बाई म्हणाल्या. "खूप दुखतं."

त्यांनी पदरानं नाक पुसलं, करवत पुन्हा रेघेवर ठेवली.

"त्या कटरला ये म्हण उद्या. शिवायला माणूस लागतोच आहे. कापायला मी आहे." आणि मग मुलाकडे बघत ओरडल्या, "अरे, बघत काय बसलास? पाय धर, घट्ट!"

त्यानं दोन्ही हातांनी टेबलाचा पाय घट्ट धरला.