पहिली पट्टी

मित्रांनो, हल्ली लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवतात, पण मी स्टुडिओतला एक जुना टेपरेकॉर्डर आहे, चांगला कपाटाएवढा. माझ्या फितीवर शेजारी शेजारी आठ पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळा आवाज भरायचा. नववी हवी असेल, तर आधीची एक पुसावी लागते.

मला एका भावाने विकत घेतले. त्याची थोरली बहीण गाणी रचायची, गायची. हा त्यांवर वाद्यांचा साज चढवायचा. त्याला रिकामी पट्टी बघवत नसे.

एका गाण्याच्या वेळी ताईच्या घशात गाठ निघाली. मी सांगतोय तो प्रसंग शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवसाचा. पुढे गाता येईल का, हे डॉक्टर सांगेनात. तोवर बोलायलाही बंदी. गाणे मात्र भरून झाले होते. पहिल्या पट्टीवर टेबलावर बोटे वाजवत सहज म्हटलेले, दुसरीवर घोटून घोटून गायलेले. उरलेल्या सहांवर भावाने ड्रम, गिटार, व्हायोलिन असे मिळेल ते कोंबले होते. तरी त्याला बासरी हवीच होती.

"पहिली नुसती अंदाजासाठी होती," तो बासरीवाल्याला म्हणाला. "तिच्यावरच घेऊ."

मागे बसलेल्या ताईने घाईघाईने कागदावर काही लिहून उंच धरले. त्याने वळून पाहिलेच नाही. लाल बटण दाबले. मित्रांनो, मला नाही म्हणता येत नाही. माझ्याच हातून गाण्याची पहिली ओळ पुसली जात होती आणि मी गरगर फिरत होतो.

"थांब," ताई बोलली. आवाज फाटला होता. "बाकीच्या सगळ्या बंद कर. मग ऐक."

त्याने फीत मागे घेतली, बाकीची एकेक पट्टी बंद केली. पहिली ओळ कोरी गेली. मग ताईचा श्वास, टेबलावरची बोटे आणि गाणे.

"ताई, गाणं तर इथे होतं," तो खाली मान घालून म्हणाला. "मी त्याच्यावर सामान रचत बसलो."

त्याने दुसऱ्या पट्टीवरची ओळ जोडून पाहिली. ते ठिगळच वाटले. तेव्हा ताईने लिहिले, 'व्हायोलिन ठेव. एकच.' आजही त्या गाण्यात आधी एकटे व्हायोलिन त्या पुसलेल्या ओळीची चाल वाजवते, मग ताई येते. लोक म्हणतात, काय सुरुवात सुचली!

ताई बरी झाली. गाणी अजून रचते, गातात दुसरे.

मित्रांनो, साज जरूर चढवा. फक्त लाल बटण दाबण्याआधी एकदा मागे वळून बघा. ती पहिली ओळ त्या दिवशी कशी म्हटली होती, हे आता ताईला आणि मलाच ठाऊक आहे. आणि आम्हा दोघांनाही ती गाता येत नाही.