घशातलं हाड

मुक्या प्राण्याचं दुःख ज्याला कळलं त्याला देव कळला, असं डॉ. रंजीता मडावीच्या क्लिनिकच्या भिंतीवर ठळक अक्षरांत रंगवलं होतं. येणारा-जाणारा प्रत्येक मुका प्राणी त्याच भिंतीवर तंगडी वर करी, त्यामुळे 'देव कळला' ही खालची ओळ पुसत चालली होती.

मुलचेऱ्याच्या आसपास रेबीजच्या सुईचं नाव काढलं की माणसं कुत्रं काखेत मारून चालू लागत. "सुई लावली का कुत्रा भुकत नाई, मंग डुक्करं वावर खातेत," हे शेतकरी बुधूचं म्हणणं. नागपूरच्या प्रशिक्षणात रंजीता शिकली होती, की मालकाशी वाद घालू नये. ऐकावं, मान डोलवावी, पुन्हा बोलवावं. तिने दोन वर्षं मान डोलवली. बुधू दर खेपेला जंताची फुकट गोळी घेऊन जाई, आणि बाई लय समजदार आहेत म्हणून गावभर सांगे.

त्या सकाळी तो आपल्या कुत्र्याला, भुऱ्याला, पोत्यात गुंडाळून घेऊन आला. मागून बायको, रुखमा.

"याच्या घशात हाड अडकलं जी बाई. जबडा मिटत नाई, पाणी गिळत नाई. भुकाले गेला का नुसती घरघर."

रंजीता उठली, पण टेबलाजवळ गेली नाही. "कोणाशी भिडला होता का?"

"मागल्या महिन्यात. कोल्हा होता. कोल्हाच पळाला!" बुधूची छाती फुगली.

"अन् हाड दिसलं?"

"नाई. म्हणून तं हात घालून पाह्यलो."

त्याने हात पुढे केला. बोटांवर ओरखडे होते. मनगटापर्यंत लाळ वाळली होती.

पोतं घरघरत होतं.

रंजीताने जाड हातमोजे चढवले, भुऱ्याला पिंजऱ्यात कोंडलं आणि बुधूचा हात नळाखाली धरून साबणाने धूत राहिली, धूतच राहिली. "हाड नाई ते, भाऊ. पिसाळला तो. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात चाला. सुया घ्याव्या लागतेत."

"मी काऊन? बिमार तं कुत्रा आहे."

सवयीने तिची मान डोलणार होती. तिने ती आवरली. "भाऊ, उद्या तुमाले पाणी गिळता आलं नाई, तं मंग कोणत्याच दवाखान्यात इलाज नाई."

"सांजच्याले जातो. वावरात..."

"कुत्र्याच्या जबड्यात हात घालाले भेले नाई," रुखमा म्हणाली, "अन् सुईले भेता? उठा!"

रंजीताने क्लिनिकला कुलूप ठोकलं आणि दोघांना स्वतःच्या गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी भुऱ्या पिंजऱ्यातच मेला. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की रंजीता हातातलं काम टाकून धावे. रुखमाचा असला, की आधी ती विचारी, "पाणी पेले का?"

बुधूने सगळ्या सुया घेतल्या. मग एक दिवस तो ठणठणीत, सदऱ्यात नवं पिल्लू घेऊन हजर झाला. रंजीताने न विचारताच सिरिंज भरली.

"याले राहू द्या बाई," बुधू म्हणाला. "मले इतक्या लावल्या न. आमच्या घरचं झालं."

लस ज्याला टोचतात त्यालाच लागू होते.