मिळाले, काम चालू ठेवावे

आमच्या कार्यालयात पाऊस कागदावरून येतो. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठिकठिकाणचे तक्ते टपालाने येतात. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात किती पाणी होतं ते त्यांत मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं, आणि आम्ही कोरड्या खुर्च्यांवर बसून त्याच्या बेरजा करतो. वीस वर्षं मी हे करते आहे. एवढ्या काळात कामापायी एकदाही भिजले नव्हते, आणि त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

सगळ्यांत दूरचा तक्ता राखीव जंगलातून यायचा. डोंगरमाथ्याच्या थोडं खाली एक ठाणं, तिथे एक मापक आणि तो वाचणारे एक गृहस्थ. त्यांना आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून त्यांचं नाव पडलं होतं ‘वरचे काका’. बाकीच्या ठिकाणचे वाचक तापाने पडायचे, लग्नाला जायचे आणि परत आल्यावर तीन दिवसांचा पाऊस अंदाजपंचे लिहून मोकळे व्हायचे. वरच्या काकांच्या तक्त्यात एकतीस वर्षांत एकही चौकोन रिकामा नव्हता की कुठे खाडाखोड नव्हती. साहेब तो तक्ता नव्या लोकांच्या नाकासमोर धरायचे आणि म्हणायचे, “शिका जरा.”

माझं जे काही नाव झालं ते याच तक्त्यावर. खालच्या सहाही मापकांवर पाऊस कमी होत चाललाय, पण वरच्यावर मात्र वाढतोय, हे मी आठ वर्षांपूर्वी शोधून काढलं. आता सतरा वर्षांत ती वाढ पाचव्या हिश्शावर गेली होती. का वाढतोय याचं कारणही दिलं. ते मला अजून तोंडपाठ आहे, पण आता सांगत नाही. त्या शोधावर मला बढती मिळाली आणि टपालाच्या टेबलावरून उठून मी स्वतःच्या खोलीत गेले. पावसाचा नवा नकाशा छापायचा होता, त्यात तो डोंगर माझ्यामुळे गडद निळा होणार होता. त्याआधी एकच काम उरलं होतं. वर एक स्वयंचलित यंत्र बसवायचं आणि वर्षभर जुन्या मापकाशी आकडे ताडून बघायचे. जुळले की छपाई. यंत्राची जागा ठरवायला मीच जावं, असं साहेब म्हणाले. शोध माझा, तेव्हा गुडघेही माझेच.

फाटकापासून ठाण्यापर्यंत चार तासांची चढण आहे. वाट दाखवायला एक वनरक्षक मुलगी होती, माझ्या निम्म्या वयाची, आणि ती चढावर चालत होती तशी मी सपाटीवरही चालत नाही. पहिला तास ऊन होतं, मग धुकं लागलं. झाडांचे बुंधे तेवढे दिसायचे, शेवाळाने हिरवे झालेले. वर फांद्या असतील असं समजून चालायचं. मागे वळून पाहिलं तर आलो ती वाटही पुसलेली. पक्षी ओरडायचे, पण कुठल्या बाजूला ते कळायचं नाही. सगळीकडून टपटप ऐकू येत होती, म्हणून मी छत्री उघडली.

“पाऊस नाही, मॅडम,” ती न थांबता म्हणाली. “झाडं गळतायत. धुकं पानांवर बसतं, त्याचं पाणी होतं.”

मी मान डोलावली. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. छत्री मात्र उघडीच ठेवली.

तिसऱ्या तासाला माझ्या नाकी नऊ आले. वाटेत एक वाळकी फांदी लोंबत होती, ती मी काठीसाठी मोडायला गेले.

“हात नका लावू.”

“अगं, वाळलेली आहे.”

“वाळलेली असू दे नाहीतर हिरवी. इथलं पान इथंच राहतं. मागे तुमच्यासारख्याच एका साहेबांना मी फाटकावरून परत आत पाठवलं होतं, खिशातलं बी जागेवर ठेवून यायला.” आणि स्वतःची काठी तिने माझ्या हातात दिली. मला राग आला होता, पण काठी मी घेतली.

ठाणं म्हणजे दगडी भिंतींच्या दोन खोल्या, वर पत्रा आणि पुढे दहा-बारा पावलांचं अंगण. अंगणाच्या टोकाला तारेच्या कुंपणात मापक होता. कुंपणाच्या बाहेर, हातभर अंतरावर एक झाड उभं होतं आणि त्याच्या फांद्या बरोबर मापकावर आल्या होत्या. मापकापासून झाड त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब असावं, हा आमचा पहिला धडा. मी बघत असतानाच एका पानाच्या टोकाचा थेंब सुटला आणि मापकाच्या तोंडात पडला. मग दुसरा पडला. झाडाचं वय मी नजरेनेच काढलं, सतरा-अठरा वर्षं. डोंगरावर पाऊस वाढत नव्हता. झाड वाढत होतं.

वनरक्षक मुलगी पाणी पिऊन उद्या येते म्हणाली आणि धुक्यात शिरली. घरातून काका बाहेर आले. लहान चणीचे, कानटोपी घातलेले, सदऱ्याची वरपर्यंत बटणं लावलेली. त्यांनी आधी मला भेटीच्या वहीत सही करायला लावली, मग वही डोळ्यांजवळ नेली आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“अगं, बाहेर ये! सहीवाल्या बाई आल्यात!”

काकू हात पुसत आल्या आणि मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही होय त्या. तुमच्या सहीचा कागद आला की हे दोन दिवस शीळ घालत हिंडायचे. मला काय वाटलं असेल सांगा बघू.”

कसला कागद ते मला कळलं नाही. टपालाच्या टेबलावर मी दिवसाला शंभर सह्या करायची. मी हसले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी झाडाचा विषय मी काढला नाही. उकडलेले बटाटे खाल्ले, काकूंच्या गुडघ्यांची माझ्या गुडघ्यांशी तुलना झाली, आणि मी खिडकीपाशी बसून विचार केला. यंत्र जुन्या मापकाशेजारी बसवायचं, असं नियमच म्हणतो. ते याच अंगणात बसवलं, याच फांद्यांखाली, की आकडे हुबेहूब जुळणार. चार तास चढून बघायला कोण येतंय? वीस वर्षांत मी आले नव्हते. खोटं असं काही लिहावंच लागणार नव्हतं. नुसतं मूग गिळून बसायचं होतं, आणि ते मला जमलं असतं, हे मला त्याच वेळी स्वच्छ दिसलं. मी स्वतःला चांगली ओळखते.

सकाळी साडेआठला काकांनी मापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतलं आणि खाली वाकून वाचलं. “चार पूर्णांक दोन.”

“काल पाऊस कुठे होता?” मी म्हटलं.

“नव्हताच. पण तक्त्यात ‘मापकातले पाणी’ असं विचारलंय. ते चार पूर्णांक दोन आहे.” त्यांनी आकडा लिहिला, मोजपात्र फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकलं आणि काठी उचलली. “चला बाई. आता वरचं बघून येऊ.”

“वर काय आहे?”

“वर झाड नाही.”

ठाण्यामागून वाट होती. कुणी बांधलेली नव्हे, रोजच्या पावलांनी पडलेली, एका माणसाच्या रुंदीची. ती दाट झाडीतून गेली, एक ओढा ओलांडला, मग मुळांच्या पायऱ्यांवरून चढली. धुकं इतकं होतं की मी काकांच्या पिशवीकडे बघत चालले. ते बोलत नव्हते. कठीण जागा आली की काठी दोनदा आपटायचे. मुळांवर ठरावीक ठिकाणी साल झिजून गुळगुळीत झाली होती. मी पाय ठेवून पाहिला, तर तो बरोबर तिथेच पडत होता. तासाभराने झाडं संपली. उघडा खडक, बोटभर गवत आणि वारा. धुकं इथेही होतं, पण त्याला बसायला पान नव्हतं. ते तसंच वाहून जात होतं.

खडकाच्या मधोमध एक पत्र्याचा डबा पुरलेला होता. वाऱ्याने पाऊस उडून जाऊ नये म्हणून चारही बाजूंना, योग्य अंतरावर, दगडांचं कडं रचलेलं. काकांनी डबा उचलला, मोजपात्रात उपडा केला आणि वाट पाहिली.

“शून्य,” ते समाधानाने म्हणाले.

डब्याचं तोंड त्यांनी खालच्या पत्रेवाल्याकडून मापकाच्या मापाचं करून घेतलं होतं, म्हणजे तेच मोजपात्र चालावं. मापकाशेजारी रोप उगवलेलं दिसलं त्याच आठवड्यात त्यांनी डबा इथे आणला होता. पहिली दोन वर्षं, रोप गुडघ्याएवढं होतं तोवर, दोन्ही आकडे सारखे यायचे. मग खालचा पुढे जायला लागला.

“झाड तोडायचं तर जंगलाचा नियम आडवा येतो. मापक हलवायचा तर तुमचा नियम, लेखी परवानगी पाहिजे,” काका म्हणाले. “मग म्हटलं, तोवर हे करू.”

“रोज वर येता?”

“साडेआठनंतर मला काय काम असतं?”

त्यांनी वही काढून शून्य लिहिलं. मी वही मागून घेतली आणि तिथेच, वाऱ्याला पाठ करून, शेवटच्या पानावरच्या वर्षांच्या बेरजा पाहिल्या. सतरा बेरजा होत्या. पाऊस कमी होत आला होता, खालच्या सहा मापकांवर होतो तसाच आणि तेवढाच. माझा शोध तीन मिनिटांत गेला. यापेक्षा चांगली नोंद मी आयुष्यात पाहिलेली नाही, असंही मला वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटलं आणि दोन्ही खरं होतं.

“काका, हे तुम्ही कळवलं का नाही कधी?” माझा आवाज जरा चढला. दुसऱ्या कुणाची तरी चूक असावी असं मला फार वाटत होतं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. “असं काय करता, बाई? तुम्हालाच तर कळवलं.”

खाली आल्यावर त्यांनी कपाटातून फाइल काढली. दर वर्षअखेरीच्या तक्त्याला ते एक पत्र जोडत. झाड इतकं वाढलंय, फरक इतका येतोय, मापक हलवण्याची परवानगी मिळावी, वरच्या डब्याचे आकडे सोबत आहेत. पत्राची नक्कल आणि तिला टाचलेली आमची पोच, अशी सतरा पत्रं. पोचेवर छापील मजकूर: मिळाले, काम चालू ठेवावे. खाली सही. पहिल्या नऊ पोचांवर माझी होती आणि पुढच्या आठांवर नुसता शिक्का.

“तुमची सही होती तोवर बरं वाटायचं,” काका म्हणाले. “माणसाने वाचलंय, हे कळायचं. काम चालू ठेवा म्हणताय म्हणजे वरचंही चालू ठेवायचं, असं मी धरून चाललो. मग शिक्का यायला लागला. मी हिला म्हटलंसुद्धा, बाईंची बदली झाली वाटतं.”

काकू दारात उभ्या होत्या. त्या आता थट्टा करत नव्हत्या.

तक्ते वेगळे काढायचे, सोबतचे कागद फाइलला लावायचे, छापील पोचेवर सही करून ती पाठवायची. टपालाचं काम असं चालतं. मी ते झपाट्याने करायची आणि त्याबद्दल माझं कौतुक व्हायचं.

“काका, मी तुमची पत्रं वाचली नव्हती,” मी म्हटलं. “एकही नाही.”

“पण सही?”

“सही मिळाल्याची होती.”

“मिळाल्याची,” ते म्हणाले. पोचेवरचा छापील मजकूर त्यांनी पुन्हा एकदा वाचला, बोट ठेवून. मग फाइल नीट बंद केली. “मग बरोबर आहे. मिळाली तर होतीच.”

ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ते उठले, सतराही वह्या काढून माझ्यापुढे ठेवल्या आणि पिशवीतून आणलेलं मोजपात्र धुवायला गेले. मला लाज वाटली, एवढी की मान वर करवेना. यंत्राच्या जागेच्या अर्जावर मी लिहिलं, ‘वरचा खडक, झाडांपासून दूर’. आणि नकाशा छापू नये, असं साहेबांना वेगळ्या कागदावर लिहिलं.

काका परत आले तेव्हा त्यांच्या हातात कोरा कागद होता. “वह्या खाली नेणार असाल तर पोच देऊन जा,” ते म्हणाले. आवाजात काही नव्हतं, राग नाही की आनंद नाही.

मी पेन उघडलं. हात सवयीने ‘मिळाले’ लिहायला गेला. मी पेन खाली ठेवलं.

“आधी वाचते.”

“सतरा वर्षं आहेत, बाई.”

“हो,” मी म्हटलं, आणि पहिली वही उघडली. काकांनी कागद माझ्या कोपराशी ठेवला. मग ते समोरच्या खुर्चीवर बसले आणि मी पान कधी उलटते ते बघू लागले.