केटलबी टाउनची डुलुथमधली बाई

१९८८ सालच्या मे महिन्यात व्हर्ना हॅल्व्हर्सन नावाची छप्पन्न वर्षांची बाई मिनेसोटातल्या डुलुथहून उठून इंग्लंडला गेली, ती फुटबॉलचा एक सामना बघायला. तोवर तिने पायाने खेळायच्या फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता, रेडिओवर ऐकलाही नव्हता. तरी केटलबी टाउन या क्लबची ती दहा वर्षांपासून भक्त होती.

सुरुवात रेडिओपासूनच झाली. तिचा दीर बोटीवर कामाला होता. तो वारल्यावर त्याचा शॉर्टवेव्हचा अवजड रेडिओ व्हर्नाच्या स्वयंपाकघरात आला, कारण दुसरीकडे कुठे तो मावेना. तिचा नवरा आर्व्हिड खनिजाच्या धक्क्यावर रातपाळी करी आणि शनिवारी दुपारपर्यंत घोरत पडे. ती स्वतः शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करी, शनिवार तिचा मोकळा. एका हिवाळ्यात, अकराच्या सुमारास, पावाचं पीठ मळता मळता तिने रेडिओचं बटण फिरवलं तर खरखरीतून एका पुरुषाचा आवाज आला. इंग्लंडात तेव्हा संध्याकाळ झालेली होती आणि तिकडच्या फुटबॉलचे त्या दिवशीचे निकाल सांगताना तो नुसती नावं वाचत होता. गावाचं नाव, आकडा, गावाचं नाव, आकडा. सहस्रनाम म्हणावं तसा संथ ठेका. कोणी जिंकलं-हरलं हेसुद्धा तो सांगत नव्हता. व्हर्नाचे हात पिठात तसेच राहिले.

पुढच्या शनिवारी तिने पुन्हा लावला. काही शनिवार गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की दुसऱ्या गावाचं नाव घेतानाच त्या माणसाचा सूर बदलतो. दुसरं नाव नेहमी पाहुण्या संघाचं. पाहुणा संघ हरलेला असला की सूर खाली बसे, जिंकलेला असला की वर चढे, आणि बरोबरी असली की दोन्हींच्या मध्ये, दारात उभ्या माणसासारखा, अडून राही. म्हणजे आकडा येण्याआधीच निकाल कळे. हे कोडं सुटलं त्या दिवशी तिने पिठाच्या हातांनीच आर्व्हिडला हलवलं. घराला आग लागली का, असं त्याने डोळे न उघडता विचारलं. नाही म्हटल्यावर तो कुशीवर वळला.

चार विभागांच्या त्या लीगमधल्या ब्याण्णव क्लबांतून तिने केटलबी का धरला? एक तर नावात किटली होती. दुसरं म्हणजे ते नाव पाहुणा म्हणून आलं की सूर बहुतेक वेळा खालीच बसे. तिला कुतूहल वाटायला लागलं की दर शनिवारी हरणारं हे गाव आहे तरी कसं, आणि पुढच्या शनिवारी ती माणसं कोणत्या तोंडाने पुन्हा मैदानावर जातात. अमेरिकेत असं होत नाही. संघ चालला नाही तर मालक तो उचलून दुसऱ्या शहरात नेतो. मिनियापोलिसचा बास्केटबॉलचा संघ असाच कॅलिफोर्नियात गेला होता आणि व्हर्नाचे वडील त्यावर मरेपर्यंत बोलत होते. केटलबीला कोणी कुठे नेत नव्हतं. केटलबी जागच्या जागी हरत होता.

समोरच्या घरात लेम्पी कोस्केला नावाची फिनिश विधवा राहायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना तिने व्हर्नाला विचारलं होतं, तुझ्या त्या संघाचा रंग कोणता? व्हर्नाला काय ठाऊक? रेडिओवर रंग दिसत नाही. तिने आपल्या मनाने हिरवा धरून एक मफलर विणायला घेतला होता आणि तो जवळजवळ झालाही होता. मग तिने क्लबला पत्र टाकलं, आणि तिकडून उत्तर आलं की रंग किरमिजी आणि फिकट निळा. लेम्पी हसून हसून खोकली. "बये, तू शत्रूचा मफलर विणत होतीस." हिरवी लोकर उसवून आर्व्हिडचे हातमोजे झाले आणि मफलर नव्याने सुरू झाला.

दहा वर्षं अशी गेली. मग ८८च्या वसंतात केटलबी चौथ्या, म्हणजे शेवटच्या, विभागाच्या तळाजवळ जाऊन बसला. नवा नियम असा झाला होता की सगळ्यात शेवटचा क्लब लीगमधून बाहेर जाणार. आणि रेडिओवरचा तो माणूस फक्त लीगमधली नावं वाचे. बाहेर गेलेल्याचं नाव तो वाचत नसे.

हे व्हर्नाच्या मनात उतरलं तेव्हा ती हातातलं काम टाकून खुर्चीवर बसली. तिच्यापाशी केटलबी होता तो एवढाच होता, आठवड्यातून एकदा उच्चारलेलं एक नाव आणि एक आकडा. ते गेलं की काहीच उरणार नव्हतं. आर्व्हिडने शांतपणे हिशेब मांडला. "ब्याण्णव आहेत ना? एक्क्याण्णव उरतील. त्यातला एखादा धर." व्हर्ना उठून पीठ मळायला लागली. पण त्या आठवड्यात पाव दगडासारखे झाले आणि ते खाऊन आर्व्हिडला काय समजायचं ते समजलं. शेवटचा सामना स्टॅनरिज रोव्हर्सच्या मैदानावर होता. जाऊन ये, तो म्हणाला. "विमानात माझे कान दुखतात, मी येत नाही. लेम्पीला ने. तिकडची माणसं तिला घाबरून असतील."

स्टॅनरिजसुद्धा बुडत होता, केटलबीच्याही एका गुणाने खाली. दोघांतला एक जाणार हे ठरलेलं. केटलबीला बरोबरी पुरेशी होती, स्टॅनरिजला जिंकावंच लागणार होतं.

दोघी सकाळीच स्टॅनरिजच्या मैदानावर पोचल्या आणि कोणतीही अमेरिकन बाई करील तेच त्यांनी केलं. तिकिटांच्या खिडकीवर जाऊन छताखालच्या, अगदी मधोमध असलेल्या चांगल्या दोन खुर्च्या मागितल्या. अमेरिकेत दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांचे शेंगदाणे खातात. दुपारी दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने व्हर्नाच्या गळ्यातला किरमिजी मफलर पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने तिला बाजूला घेऊन समजावलं की ही बाजू सगळी स्टॅनरिजची, केटलबीवाले पलीकडच्या कोपऱ्यात जाळीमागे असतात. आता तिकडची तिकिटं संपली आहेत.

"मफलर पिशवीत घाल, पोरी," तो म्हणाला. "आणि काहीही झालं तरी तोंडातून आवाज काढू नकोस."

तिला तीस वर्षांत कोणी पोरी म्हटलं नव्हतं. लेम्पी म्हणाली, दहा वर्षांत रेडिओने एवढी साधी गोष्ट सांगितली नाही का?

मफलर पिशवीत घालून व्हर्ना लाकडी खुर्चीवर बसली आणि पुढचा काही वेळ त्याला विसरलीही. चेंडूवर पाय बसल्याचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तो भिजल्या गादीवर धपाटा घातल्यासारखा होता. खेळाडू अगदी पोरं होती, तिच्या खानावळीत रांगेत उभी राहणारी असतात त्यांच्याहून फार मोठी नव्हेत. केटलबीचा गोलरक्षक दर थोड्या वेळाने मोजे वर ओढायचा. या सगळ्याचा त्या वाचणाऱ्या माणसाच्या आवाजात मागमूसही नसे. एक-शून्य म्हणायला क्षण पुरतो, पण तेवढं घडायला इतकी धावपळ, इतकी धाप आणि इतक्या शिव्या लागतात हे तिला माहीत नव्हतं.

शेजारी एडगर हेपवर्थ नावाचा सत्तरीचा गृहस्थ बसला होता, स्टॅनरिजच्या काळ्या-पांढऱ्या टोपीत. मध्यंतराला स्टॅनरिज एका गोलने पुढे होता, त्यामुळे तो खुशीत होता. त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतून व्हर्नाला दिला आणि कुठून आलात विचारलं. मिनेसोटा म्हटल्यावर त्याने थर्मास खाली ठेवला. एवढ्या लांबून?

व्हर्नाने चहाचा घोट घेतला, म्हणजे बोलावं लागणार नाही. बोलली ती लेम्पी. ही बाई दहा वर्षं दर शनिवारी रेडिओला कान लावून बसते, नवऱ्याला उपाशी ठेवते, असं तिने सांगितलं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. कोणत्या क्लबसाठी, तेवढं ती बोलली नाही. एडगरचे डोळे भरून आले. तो मागे वळला आणि सगळ्या ओळीला त्याने सांगितलं की आपल्या स्टॅनरिजसाठी एक बाई अमेरिकेहून आली आहे. मागून टॉफीची पिशवी आली. कोणी मांस भरलेलं गरम पॅटिस आणून दिलं. एका बाईने व्हर्नाच्या गुडघ्यांवर आपली शाल घातली. व्हर्नाने ते हातातच धरून ठेवलं. लेम्पीने दोन टॉफ्या खाल्ल्या आणि तिसरी खिशात टाकली.

उत्तरार्धात स्टॅनरिज नुसता वेळ काढत होता. शेवट जवळ आला तशी ओळीतली माणसं एकमेकांचे हात धरायला लागली. आणि मग कोपऱ्यावरून चेंडू आत आला, केटलबीच्या एका पोराच्या खांद्याला लागला, डोक्याला नव्हे, आणि गोलात गेला.

पलीकडे जाळीमागचा कोपरा जल्लोषाने फुटला. या बाजूला शुकशुकाट झाला. त्या शुकशुकाटात व्हर्ना उभी होती. आपण कधी उठलो हे तिला कळलं नव्हतं. तोंड उघडं, दोन्ही मुठी छातीशी, शाल पायाशी पडलेली. आवाज तिने काढला नव्हता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर आवाजाची गरज नव्हती.

एडगर खालून तिच्याकडे बघत होता.

"केटलबी?" त्याने हळू विचारलं.

तिने होकाराची मान हलवली.

"दहा वर्षं?"

"हो."

मागून कोणीतरी ओरडलं, ए, ती बाई नाचतेय कशाला? दोघं-तिघं उठलेही. एडगरने मान वळवली नाही. "माझी पाहुणी आहे," तो मोठ्याने म्हणाला. "अमेरिकन आहे रे ती. गोल झाला की उठायचं, एवढंच तिला ठाऊक. कोणाचा झाला ते तिला काय कळतंय?" मागे थोडं हसू झालं आणि माणसं खाली बसली. मग त्याने वाकून शाल उचलली, झटकली आणि तिच्या हातात दिली. "बस. अजून संपलेलं नाही."

थोड्याच वेळात संपलं. पंचाची शिट्टी झाली, एक-एक, केटलबी वाचला. जाळीमागची माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. स्टॅनरिजचे खेळाडू जिथे होते तिथेच गवतावर बसले. व्हर्नाला वाटलं होतं की या क्षणी आपण आनंदाने वेड्या होऊ. आनंद झालाही, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. स्टॅनरिज हे नावसुद्धा तिने दहा वर्षं ऐकलेलं होतं. ते नावांच्या रांगेत केटलबीच्या बरंच नंतर येई आणि ती ते पाव भट्टीत सारता सारता ऐकून सोडून देई. आता त्या नावाला टोपी होती, थर्मास होता.

एडगर उठला नाही. ओळ रिकामी होत गेली तशी तिने मनात ठसठसत होतं ते विचारलं.

"आता पुढच्या हंगामात तुम्ही काय करणार?"

त्याला प्रश्नच समजला नाही. "येणार. ही माझी खुर्ची आहे. माझ्या आधी बापाची होती."

"पण तुमचं नाव आता वाचणार नाहीत."

"कुठे वाचतात?"

तिने सांगितलं. शनिवारी संध्याकाळी रेडिओवर एक माणूस सगळी नावं वाचतो, आणि दुसरं नाव घेताना त्याचा सूर बदलतो. एडगर लक्ष देऊन ऐकत राहिला. असं काही असतं हे त्याला ठाऊक होतं, पण त्याने ते आजवर धड ऐकलं नव्हतं. त्या वेळेला तो मैदानावरून चालत घरी जात असे आणि निकाल त्याला आधीच ठाऊक असे.

"सूर वर जातो?" त्याने विचारलं.

"पाहुणे जिंकले तर."

"अस्सं," तो म्हणाला. "बघायला पाहिजे एकदा." आणि थर्मासचं झाकण फिरवून बंद केलं.

एडगरने खरंच बघितलं. त्या ऑगस्टमध्ये तो लीगबाहेरच्या सामन्याहून परतताना रेडिओ लावलेल्या एका दुकानापाशी थांबला आणि त्याने पूर्ण वाचन ऐकलं. व्हर्नाला धाडलेल्या नाताळच्या कार्डावर त्याने लिहिलं की सूर चढतो हे खरं आहे, सत्तर वर्षांत कोणी आपल्याला सांगितलं नव्हतं. तो १९९४ साली गेला. खुर्ची आता त्याच्या मुलीकडे आहे. स्टॅनरिज आठ वर्षांनी लीगमध्ये परत आला, ते त्याला बघायला मिळालं नाही.

लेम्पी डुलुथला परतली ती स्टॅनरिजची होऊन. ज्यांच्या टॉफ्या खाल्ल्या त्यांना कसं सोडायचं, असं ती म्हणे. मरेपर्यंत तिने खिडकीत काळा-पांढरा फडका लावला, व्हर्नाच्या खिडकीच्या बरोबर समोर. आर्व्हिडने निवृत्तीनंतर स्कॉटलंडचा एक क्लब धरला. तिकडची नावं सगळ्यात शेवटी वाचत आणि तोवर त्याची झोप झालेली असे.

केटलबी त्या सामन्यानंतर तीन वर्षं तगला आणि मग तोही लीगबाहेर पडला. पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी व्हर्नाने रेडिओ लावला. नाव आलं नाही. तिने वाचन संपेपर्यंत ऐकलं, रेडिओ बंद केला आणि पाव भट्टीत घातला. तिकडे माणसं आपापल्या खुर्च्यांवर बसून गेली असतील, बहुतेक हरली असतील, आणि आता चालत घरी निघाली असतील, हे तिला ठाऊक होतं. २००९ साली ती गेली तोवर दर शनिवारी अकरा वाजता ती हात पुसून थोडा वेळ स्वस्थ बसत असे. पुन्हा इंग्लंडला मात्र ती कधी गेली नाही.