दरबारातून प्रेमची पत्रं

धाकटा प्रेम पॅरिसला गेला, तिथलीच बायको केली, आणि सहा वर्षांत घरी एक फोन नाही. आईनं, मनकर्णाबाईनं, अंथरूण धरलं. "माह्या लेकाची खबर आन," एवढाच तिचा जप. थोरला गोपाळ बुलढाण्याच्या कोर्टातला निवृत्त कारकून. तो खबर आणणार कुठून, कपाळ?

त्याच्याकडे रद्दीत मिळालेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. कुणी परदेशी हेर फ्रान्सच्या राजदरबारात वेषांतर करून राहतो आणि तिथली कारस्थानं घरी लिहून कळवतो. गोपाळनं त्या हेराचाच प्रेम केला! प्रेम राजाच्या कचेरीत आहे, तिथं फोनची मनाई, अशी थाप मारली आणि दर सोमवारी मोतीबिंदूनं नजर अधू झालेल्या आईपुढं बसून पत्र वाचू लागला.

"राणीनं प्रधानाशी बोलणं टाकलंय. प्रधानानं तिची दासी फोडली..."

"मायबाई! अशा घरात माह्यं लेकरू!" म्हातारी उठून बसायची, दोन घास जास्त जेवायची.

शेवटच्या ओळी मात्र पुस्तकात नसायच्या. 'आई, तुझ्या हातचा ठेचा आठवतो. तू आहेस म्हणून मी आहे.' त्या गोपाळच्या. तोंडावर बोलायची छाती त्याला कधी झालीच नाही.

तिचं हगणं-मुतणं काढणारा कोण? गोपाळ. आणि परवा ती म्हणते, "माह्या चितेले अग्नी प्रेमच देईन. त्याले लिही, ये म्हणा."

"अन् मी काय मेलो काय?"

"तू करतं रे बाप्पा, नाही कोन म्हणते? पन साठ वर्षांत मायसंग एक गोड शब्द बोलला काय? त्याचे कागद पाह्य!"

गोपाळच्या अंगाची लाही लाही झाली. शब्द माझे, आणि माझ्याच नरड्यावर! आता संपवतोच याला. मरणाच्या पत्राच्या माथ्यावर श्री नसतं. माथा कोरा ठेवून त्यानं लिहायला घेतलं: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, चि. प्रेम...'

पेनाची कुरकुर ऐकून म्हातारी खुलली. "त्यालेच लिहून राह्यला न? वरतं श्री लिहिलं काय रे?"

गोपाळनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं तो कागद टराटरा फाडला, दुसरा घेतला, आणि आधी श्री लिहिलं.

"अन् लिही," आई म्हणाली, "गोपाळवर राग नोको धरू म्हणा. त्याले मनातलं बोलता येत नाही."

गोपाळनं तेही लिहिलं.