तेलाचा थेंबही नको

माझे केस रात्रीतून तेलकट होतात. संध्याकाळी धुवावेत तर सकाळी बटा टाळूला चिकटलेल्या. नणंदेचं केस कापायचं दुकान आहे, ती म्हणते, "वहिनी, तुझ्या डोक्यात कुणीतरी घाणा बसवलाय." आजवर मी हसण्यावारी नेलं. पण उद्या सकाळी नऊला डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढायचा होता, आणि दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं, "केस धुतलेले, कोरडे. तेलाचा थेंबही नको. तारा चिकटल्या नाहीत तर परत पाठवू. मग पुढची तारीख तीन महिन्यांनी."

तपासणी कशाला, तर मी मधूनच जाते. पडत नाही, ओरडत नाही, नुसती जाते, भान हरपतं. हातात सुरी असते, कांदा अर्धा चिरलेला असतो, आणि मग कांदा तसाच पण घड्याळ पुढे गेलेलं. मधल्या वेळात फार छान वाटतं, हे सांगायचीही सोय नाही. लांब कुठेतरी पाणी भरतंय असा आवाज येतो आणि सगळं मऊ होतं. डॉक्टरांना मी सांगितलं, एकदाच झालं, स्वयंपाकघरात. शाळेची बस चालवते हे सांगितलंच नाही. चौदा वर्षं चालवतेय. बस हातातून गेली तर माझं म्हणून काय उरणार, या भीतीने मूग गिळून बसले.

नणंदेने फोनवर शिकवणी घेतली. "दोनदा धू. मुळांना काही चोपडू नकोस. पूर्ण वाळल्याशिवाय आडवी होऊ नकोस. उशीला धुतलेला अभ्रा घाल. केस वर सैल बांध, आणि मेहेरबानी कर, सारखा हात लावू नकोस."

सगळं केलं. आमच्या ह्यांनाही दम भरला. हे गॅरेजात काम करतात. हात कितीही घासले तरी वंगण राहतंच. रोज मला झोप लागेपर्यंत ह्यांचा हात माझ्या डोक्यावर असतो.

"आज हात लांब," मी म्हटलं.

"बरं," म्हणून हे हात काखेत घालून पडून राहिले. शिक्षा मी केली आणि झोप माझीच उडाली.

मग कधीतरी अर्धवट डोळा लागला. अभ्र्याला साबणाचा वास होता आणि खोली हळूहळू चालू लागली. मी बस चालवत होते. मागे सगळी मुलं ओल्या केसांनी बसलेली, कुणी बोलत नव्हतं. खिडक्यांतून पांढरा उजेड येत होता. रस्ता इतका सरळ की वळायचं कामच नव्हतं. मी स्टिअरिंगवर माझे हात शोधत होते, ते काही सापडेनात, आणि बस आपली छान चालली होती.

जाग आली तेव्हा डोक्यात एकच गोष्ट लख्ख होती. तेल लावलं तर तीन महिने मिळतील. तीन महिने बस माझी.

मी स्वयंपाकघरात गेले, बाटली उघडली, तळहातावर तेल ओतलं. मान वर केली तर दारात हे उभे.

"मघाशी दोनदा गेलीस," हे म्हणाले.

"मी झोपले होते."

"झोपेतही जातेस. हाताखाली डोकं बारीक थरथरतं. आज हात लावायचा नव्हता, म्हणून दिवा लावून बघत बसलो."

"कधीपासून कळतंय तुम्हाला?"

"वर्ष झालं असेल."

मला रागच आला. ज्या हाताला मी माया समजत होते तो वर्षभर पहारा देत होता. "मग बोलला का नाहीत?"

"तुझी बस गेली असती." हे खाली बसले, तिथेच फरशीवर. "तू सकाळी निघालीस की परत येईपर्यंत मी रस्त्याकडे कान लावून असतो. आता माझ्याच्याने होत नाही गं."

मग मला ह्यांची दया आली, आणि स्वतःची लाज. मी हात साबणाने धुतला, पुन्हा धुतला. उजाडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच फरशीवर बसून राहिलो.

दवाखान्यातल्या बाईंनी भांग पाडून एकेक तार चिकटवली. सगळ्या बसल्या. त्यांनी कागद पुढे ओढला. "एकदाच झालं, असं लिहिलंय. बरोबर ना?"

"नाही," मी म्हटलं. "रोज होतं. आणि मी शाळेची बस चालवते. बावीस मुलं असतात."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहून घ्या," मी म्हटलं. "पुन्हा सांगायचं धाडस माझ्यात नाही."